पिकअप वाढवावी, बदलावी की भाड्यानेच भागवावे? वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरतात. घरात किंवा दुकानात एक गाडी आहे. ती देऊन पिकअप घ्यायची, ती ठेवून पिकअप जोडायची, की दोन्ही नको? त्यातली सहा पत्रे निवडली आहेत. पहिल्या दोन उत्तरांना जास्त जागा दिली आहे, कारण त्यातला हिशेब बाकीच्यांनाही लागू पडतो.

प्रश्न : दिंडोरी तालुक्यात आमची सात एकर शेती आहे. टोमॅटो, कांदा आणि थोडी द्राक्षे. घरी नऊ वर्षांची पांढऱ्या पाटीची बोलेरो आहे, माणसे सहा. माल पिंपळगाव बसवंतला भाड्याच्या पिकअपने जातो. एका फेरीचे २,२०० रुपये, जाऊन-येऊन साधारण ७० किलोमीटर. वर्षाला अशा सगळ्या मिळून ८०च्या आसपास फेऱ्या होतात. विक्रेता म्हणतो, बोलेरोचे चार लाख धरतो, नवी पिकअप घ्या. ऑन-रोड ११ लाख. बोलेरो न देता घेतली तर दोन लाख रोख, नऊ लाख कर्ज, १०.५ टक्के व्याज, ६० हप्ते. काय करावे?

उत्तर : बोलेरो देऊ नका. नवी पिकअपही तुमच्या ८० फेऱ्यांत परवडत नाही. हिशेब असा.

नऊ लाखांवर १०.५ टक्क्यांनी ६० महिन्यांचा हप्ता १९,३४५ रुपये येतो. पाच वर्षांत हप्त्यांचे ११ लाख ६१ हजार आणि रोख दोन लाख, म्हणजे खिशातून १३ लाख ६१ हजार गेले. पाच वर्षांनी गाडी साडेचार लाखांना विकली असे धरू. निव्वळ खर्च ९ लाख ११ हजार, म्हणजे महिन्याला सुमारे १५,२०० रुपये. त्यात विम्याचे महिना साडेतीन हजार आणि पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी), पीयूसी, किरकोळ यांचे पाचशे धरा. गाडी दारात नुसती उभी राहिली तरी महिन्याला १९,२०० रुपये खाते.

आता चालवण्याचा खर्च. भरून जाताना आणि रिकामी येताना मिळून लिटरला १२ किलोमीटर अॅव्हरेज आणि डिझेल ९२ रुपये धरले तर किलोमीटरला सात रुपये सत्तर पैसे. टायरचे सत्तर पैसे, ऑइल, सर्व्हिस आणि दुरुस्तीचा सव्वा-दीड रुपया. एकूण ९ रुपये ७० पैसे. ७० किलोमीटरचे ६८०. भाड्याचे २,२०० वाचले, ६८० गेले, म्हणजे फेरीला १,५२० हातात राहिले. वर्षाचे २ लाख ३० हजार त्यातून भरून काढायला १५२ फेऱ्या लागतात. तुमच्या आहेत ८०. आणि हे तुम्ही स्वतः चालवणार असे धरून. फेरीला ६०० रुपये देऊन ड्रायव्हर बसवला तर हाच आकडा २५० फेऱ्यांवर जातो.

बोलेरोचे चार लाख घातले की हप्ता कमी दिसतो आणि सौदा स्वस्त वाटू लागतो. ते चार लाख विक्रेत्याने दिलेले नाहीत, तुमच्याच मालमत्तेचे आहेत. पिकअपच्या केबिनमध्ये दोघे किंवा फार तर तिघे बसतात. सहा माणसांचे घर दवाखान्याला, लग्नाला, बाजाराला कशात जाणार? हौद्यात माणसे बसवणे बेकायदा आहे. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे अपघात झाला तर हौद्यातल्या पाहुण्यांची भरपाई विमा कंपनीवर बंधनकारक नाही. मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी एवढ्यापुरतेच कायद्याने संरक्षण दिले आहे.

फास्टॅगचाही फरक पडतो. राष्ट्रीय महामार्गावर बोलेरो कार-जीपच्या गटात मोजली जाते. टाटा एससारख्या मिनी गाड्याही त्याच गटात बसतात, मात्र मोठी पिकअप हलक्या मालवाहू गटात जाते आणि टोल जास्त लागतो. १५ ऑगस्ट २०२५पासून सुरू झालेला, सुरुवातीला ३,००० रुपयांचा असलेला वार्षिक पासही फक्त खासगी कार, जीप आणि व्हॅनलाच मिळतो. बोलेरोवर नो-क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याची सूट) साठला असेल तर तोही मालवाहू गाडीला लागत नाही. त्याच प्रकारच्या दुसऱ्या गाडीलाच चालतो.

मग मार्ग कोणता? तुमच्या फेऱ्यांना नेमकी जुनी पिकअप जुळते. साडेचार लाखांची, पाच-सहा वर्षे चाललेली आणि पाच वर्षांनी दोन लाखांना जाईल अशी गाडी धरा. अडकलेल्या पैशाचे व्याज आणि सुरुवातीची दुरुस्ती मिळून आणखी १ लाख २० हजार धरले, तर निव्वळ खर्च ३ लाख ७० हजार, महिन्याला ६,२००. विमा आणि पासिंगचे ३,००० मिळवून ९,२००. जुनी गाडी जरा जास्त पिते आणि दुरुस्तीही जास्त मागते, म्हणून किलोमीटरला साडेअकरा रुपये, फेरीला ८०५. शिल्लक १,३९५. वर्षाला ७९ फेऱ्यांत बरोबरी होते. तुम्ही अगदी त्याच रेषेवर आहात. पैशाचा फायदा नाही, तोटाही नाही. मिळते ते एवढेच की तोडा ऐन भरात असताना भाड्याची गाडी मिळेना आणि माल लिलावाला उशिरा पोहोचला, हा प्रकार थांबतो. टोमॅटोत हे छोटे नाही. तुमच्या हंगामात असे चार-पाच वेळा होत असेल तर जुनी पिकअप जोडा. होत नसेल तर भाडेच बरे.

शेजाऱ्याचा माल भाड्याने नेऊन फेऱ्या वाढवायचा विचार असेल तर पॉलिसी आधी बघा. फक्त स्वतःचा माल नेणाऱ्या ७,५०० किलोपर्यंतच्या गाडीचा थर्ड पार्टी विम्याचा, म्हणजे दुसऱ्यांच्या नुकसानभरपाईचा, वर्षाचा हप्ता जून २०२२च्या दरपत्रकात ८,५१० रुपये आहे, भाड्याने माल नेणाऱ्या गाडीचा १६,०४९. स्वस्त पॉलिसी काढून भाडे मारले आणि अपघात झाला, तर कंपनी नेमके तेच बोट दाखवते.

डबल केबिनची पिकअप, म्हणजे पुढे पाच माणसे आणि मागे छोटा हौदा, ही तडजोड तुम्ही विचारलेली नाही, पण बरेच जण विचारतात. हौदा आखूड होतो, माल वाहण्याची क्षमता एक टनाच्या आसपास येते आणि अशा बहुतेक कामाच्या गाड्या नोंदतात मालवाहू म्हणूनच. शेतावरच्या मजुरांना आणि खताच्या चार गोण्यांना ती छान. बाजाराला ८० क्रेट नेणाऱ्याला अपुरी.

आणि क्रेटचे बोलतोच आहोत तर एक काम या आठवड्यात करा. भाड्याची पिकअप भरली की वजनकाट्यावर घालून पावती घ्या. क्रेटमध्ये २० किलो टोमॅटो आणि क्रेटचे स्वतःचे दीड-दोन किलो, म्हणजे २२ किलो. शंभर क्रेटचे २,२०० किलो झाले. समजा आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) गाडी आणि माल मिळून एकूण वजन २,९४० किलो आहे आणि डिझेल, ड्रायव्हर, जाळी, ताडपत्रीसह रिकामी गाडी काट्यावर १,५६० भरते. राहिले १,३८०, म्हणजे ६२ क्रेट. जाहिरातीत लिहिलेली क्षमता यापेक्षा थोडी जास्तच असते, कारण त्यात तुमची लोखंडी जाळी आणि ताडपत्री धरलेली नसते. तुम्ही आज शंभर क्रेट भाड्याच्या गाडीत टाकत असाल आणि स्वतःच्या गाडीत नियमाने ६२च टाकणार असाल, तर फेऱ्या ८०च्या १२९ होतात आणि वरचा सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. ओव्हरलोडचा दंड कायद्यात २०,००० रुपये आणि वर जादा टनाला २,००० असा आहे, शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो.

प्रश्न : कराडजवळ सिमेंट, सळई आणि टाइल्सचे दुकान आहे. सहा वर्षांपूर्वी घेतलेला छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस, आहे. आता माल वाढला आहे. एकेका घरबांधणीला चार-चार फेऱ्या होतात. पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) दोनदा बदलले, क्लच प्लेट वर्षाला जाते. हा देऊन दीड टनाची गाडी घ्यावी की हा ठेवून दुसरी?

उत्तर : पाटे आणि क्लच यांनीच तुम्हाला उत्तर दिले आहे. साधारण पाऊण टन क्षमतेच्या गाडीत ५० किलोच्या १५ पिशव्या बसतात. तुमच्या गाडीत २५ ते ३० जात असणार; त्याशिवाय सहा वर्षांत दोनदा पाटे तुटत नाहीत.

जादा पाटा घालून घेणे हा उपाय समजू नका. पाटा घातला की मागची बाजू खाली बसत नाही, म्हणून गाडीला ओझे पेलते असे वाटते. प्रत्यक्षात तेच ओझे अॅक्सलच्या नळीवर, हब बेअरिंगवर आणि चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, पट्टीवर जाते. ब्रेक लायनर तेवढेच राहतात, म्हणून कुंभार्ली घाटाच्या उतारावर ते तापून ढिले पडतात. पुढच्या चाकांवरचे वजन कमी होते आणि स्टिअरिंग हलके, अनिश्चित लागते. आरसीवरची क्षमता मात्र एका किलोनेही वाढत नाही.

आधी गेल्या तीन महिन्यांची डिलिव्हरी चलने काढा आणि प्रत्येकावर वजन लिहा. सिमेंट सोपे आहे. टाइल्सचे वजन खोक्यावर छापलेले असते. सळईचे गणित पाठच असेल: १२ मिमीची सळई मीटरला ०.८८८ किलो, १२ मीटरची एक कांडी १०.६६ किलो, पन्नास कांड्या ५३३ किलो. मग फेऱ्यांचे तीन गठ्ठे करा : ७०० किलोपर्यंत, ७०० ते १,४०० आणि त्यावर.

पहिला गठ्ठा निम्म्याहून मोठा असेल आणि गावातल्या बोळांतून माल पोहोचवावा लागत असेल, तर हत्ती ठेवा आणि मोठ्या मालाला भाड्याची गाडी लावा. मधला गठ्ठा मोठा असेल, आणि तुमच्या पत्रावरून तोच असावा असे दिसते, तर बदला. जोडू नका. दुसरी गाडी म्हणजे दुसरा ड्रायव्हर. त्याचा महिन्याचा पगार बहुतेक वेळा हप्त्याच्या बरोबरीला येतो, आणि हप्ता पाच वर्षांत संपतो, पगार संपत नाही. दोन गाड्या तेव्हाच ठेवा जेव्हा एकाच वेळी दोन ठिकाणी माल द्यावा लागतो आणि ग्राहक थांबत नाही. तिसरा गठ्ठा मोठा असेल तर दीड टनही पुरणार नाही, तेव्हा मोठ्या टेम्पोची किंमत काढा.

दीड टनात निवडताना एकूण वजन ३,००० किलोच्या आत ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त नसलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. टाटा इंट्रा व्ही-५० दीड टन वाहूनही या रेषेच्या आत बसते. दोन टन क्षमतेच्या पिकअप मात्र रिकाम्याच दीड टनाच्या घरात असतात, त्यामुळे एकूण वजन साडेतीन टनांकडे जाते आणि परमिट काढावे लागते. त्यात गैर काही नाही, पण ती फी आणि तो हेलपाटा हिशेबात धरून मग निवडा.

सळईचा प्रश्न वजनाचा नाही, लांबीचा आहे. दुमडलेली सळईही सहा मीटर असते आणि या गटातल्या गाड्यांचा हौदा अडीच ते तीन मीटर. केबिनवरून पुढे किंवा फाळक्याबाहेर मागे तीन मीटर सळई काढून नेणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, त्यालाही कायद्यात २०,००० रुपयांचा दंड आहे. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या छातीच्या उंचीवर त्या सळया असतात, हे दंडापेक्षा मोठे कारण. सळईसाठी लांब हौद्याची गाडी भाड्याने बोलवा किंवा साइटच्या मापाने कापून पाठवा. केवळ सळईसाठी मोठी गाडी घेऊ नका.

कराचेही बघा. मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून २८वरून १८ टक्के झाला. मूळ किंमत आठ लाख असेल तर १ लाख ४४ हजार कर. तुम्ही नियमित जीएसटीत असाल तर मालवाहू गाडीवरचा हा कर परत घेता येतो. प्रवासी गाडीवर घेता येत नाही. कंपोझिशनमध्ये, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याच्या योजनेत, असाल तर मिळत नाही. परत घेतलेल्या करावर आयकरात घसारा मागता येत नाही, आणि पुढे गाडी विकताना कर भरावा लागतो, हे सीएला आत्ताच विचारून ठेवा. घसाराही स्वतःच्या दुकानाचा माल नेणाऱ्या गाडीला १५ टक्के आहे. ३० टक्के भाड्याने चालवण्याच्या धंद्यातल्या गाडीला असतो. शोरूममध्ये सगळ्यांना ३० सांगतात.

एक्स्चेंज करताना दोन किमती वेगळ्या लिहून मागा: जुनी गाडी न देता नव्या गाडीची शेवटची किंमत, आणि जुन्या गाडीची रोख किंमत. एकत्र आकड्यात एका बाजूला दिलेले दुसऱ्या बाजूने काढून घेतलेले असते. आणि जुना हत्ती कोणालाही द्या, आरसीवरचे तुमचे नाव उतरेपर्यंत पिच्छा सोडू नका. नोंदीवर ज्याचे नाव तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये स्पष्ट केले आहे. दलालाकडे सही केलेले कोरे फॉर्म देऊन मोकळे होणाऱ्यांना दोन वर्षांनी अपघाताची नोटीस येते.

प्रश्न : माझ्याकडे फक्त कारचा, म्हणजे एलएमव्हीचा परवाना आहे. पिवळ्या पाटीची पिकअप चालवता येईल का? मुलगा १८ पूर्ण आहे, तो चालवेल का?

उत्तर : तुम्हाला येईल. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन एलएमव्ही परवान्यावर चालवता येते, वेगळी नोंद लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४मध्ये यावर शिक्कामोर्तब केले. मुलाला आणखी दोन वर्षे थांबवा. कायद्याच्या कलम ४ प्रमाणे ट्रान्सपोर्ट वाहन चालवायला वय २० पूर्ण लागते. आणि फक्त स्वतःच्या शेतातला माल नेला तरी पिकअप ट्रान्सपोर्ट वाहनच असते; पाटी पिवळीच.

प्रश्न : पुण्यात सोसायटीत राहतो. सेडान देऊन डबल केबिनची मोठी पिकअप घ्यायची इच्छा आहे. सह्याद्रीत भटकंती, सायकली, तंबू. रोजचे ऑफिसही त्यातूनच. हा निर्णय बरोबर आहे का?

उत्तर : आधी टेप घेऊन पार्किंगमध्ये जा. इसुझू व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स दोन्ही सव्वापाच मीटरहून लांब आहेत. बांधकाम नियमांत गाडीची जागा साधारण २.५ बाय ५ मीटर धरतात. गाडीचे तोंड किंवा शेपूट एक फूट बाहेर राहील आणि वाटेवर येईल. बेसमेंटच्या उताराच्या वळणावर एकदा शोरूमची गाडी घालूनच पाहा. टेस्ट ड्राइव्ह तिथे मागा, हायवेवर नको.

दुसरे, मागे पाटे असतात. रिकाम्या हौद्याने खड्ड्यांच्या रस्त्यावर मागची बाजू उडते, कारण ते पाटे वजन वाहण्यासाठी बनवलेले आहेत. मागच्या सीटवर आईवडील रोज बसणार असतील तर त्यांना घेऊन अर्धा तास फिरा, मग ठरवा. तिसरे, हौदा उघडा. जून ते सप्टेंबर सामान भिजते. झाकण किंवा कॅनोपी बसवावी लागते, आणि मग सायकल उभी राहत नाही.

या दोन्ही मॉडेल खासगी पांढऱ्या पाटीवर नोंदवता येतात. पण इसुझूच्याच साध्या केबिनच्या काही पिकअप फक्त मालवाहू म्हणून नोंदतात, म्हणून कोटेशनवर नोंदणीचा प्रकार लिहून घ्या. माझे मत विचाराल तर, महिन्यातून दोन सहली असतील तर सेडान ठेवा आणि सायकलींसाठी मागचा रॅक लावा. आठवड्याला दोनदा चिखलात जाणार असाल, किंवा मुळशी-वेल्ह्याकडे शेत आणि कामाचे सामान असेल, तर मात्र ही गाडी तिच्या जागी आहे. आणि तेव्हाही ती सेडानच्या जोडीला घ्या. रोजच्या ऑफिसच्या गर्दीत तिला घालू नका.

प्रश्न : पिंपरी-चिंचवडमध्ये २० लिटर पाण्याचे जार पोहोचवतो. सीएनजीची छोटी गाडी आहे, दिवसाला ७० जार, दोन फेऱ्या, ८० किलोमीटर, महिन्याला २६ दिवस. इलेक्ट्रिक घ्यावी का?

उत्तर : पैशाचे जमते, वजनाचे बघावे लागेल. टाटा एस ईव्हीच्या मे २०२२मध्ये आलेल्या पहिल्या गाडीची क्षमता ६०० किलो, बॅटरी २१.३ युनिटची, प्रमाणित पल्ला १५४ किलोमीटर. भरलेला जार पावणेएकवीस किलोचा. ६०० किलोत २८ बसतात. आज तुम्ही ३५ नेता. म्हणजे तिसरी फेरी आली, आणि ८० किलोमीटरचे ११० होऊ शकतात. प्रमाणित पल्ल्यापैकी सतत थांबत-चालत आणि भरून जाताना दोनतृतीयांश, म्हणजे १०० किलोमीटरच हाताशी धरा. तिथे अडचण आहे. म्हणून एक टन क्षमतेचे मॉडेल बघा, त्यात दोनच फेऱ्या राहतात.

इंधनाचा फरक असा. सीएनजी किलोला १८ किलोमीटर आणि ९० रुपये भाव धरला तर किलोमीटरला ५ रुपये. विजेचे चार्जिंगमधली गळती धरून २ रुपये ४० पैसे, युनिट १० रुपयांनी. महिन्याच्या २,०८० किलोमीटरला ५,४०० रुपये वाचतात. दोन्ही गाड्यांच्या हप्त्यातला फरक यापेक्षा कमी असेल तर बदला. मात्र रात्री चार्जिंगची जागा स्वतःची हवी. साध्या चार्जरवर सहा-सात तास लागतात. सोसायटीच्या कॉमन मीटरवर जोडणी मागत बसलात तर गाडी आधी येईल आणि परवानगी नंतर. महावितरणकडे चार्जिंगसाठी वेगळ्या दराची जोडणी मिळते, अर्ज गाडी बुक करण्याआधी टाका. बॅटरीवर चालणाऱ्या मालवाहू वाहनाला २०१८पासून परमिटची सक्ती नाही. पाटी हिरवी, अक्षरे पिवळी.

जुनी सीएनजी लगेच विकू नका. दोन महिने दोन्ही चालवा. एका पावसाळी आठवड्यात चार्जिंग, पाणी साचलेले रस्ते आणि ग्राहकांच्या वेळा जुळतात का ते कळू द्या.

प्रश्न : जुनी पिकअप घ्यायचे ठरले आहे. मेकॅनिक बरोबर नेणारच, पण मी स्वतः काय पाहू?

उत्तर : गाडीखाली वाका. बहुतेक जण बॉनेट उघडतात आणि इंजिन ऐकतात. पिकअप इंजिनाआधी चासीने मरते. मागच्या अॅक्सलच्या वर, जिथे पाट्यांचे ब्रॅकेट चासीला लागतात, तिथे टॉर्च मारा. तडा बारीक असतो, पण त्यातून गंजाची लाल रेघ ओघळलेली दिसते. वेल्डिंगचे टाके दिसले किंवा नेमका तेवढाच भाग ताज्या काळ्या रंगाने रंगवलेला असेल तर सौदा सोडा. केबिन आणि हौदा यांच्यातली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का पाहा. दोन्ही कमानींचे पाटे मोजा. एका बाजूला सात आणि दुसऱ्या बाजूला आठ असतील, किंवा मधला पाटा नव्या लोखंडाचा असेल, तर गाडीने ओव्हरलोड ओढलेला आहे. कोकणातली किंवा गोव्याची मासळीची गाडी असेल तर हौद्याचे तळपत्रे आणि खालच्या आडव्या पट्ट्या स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. बर्फाचे खारे पाणी वर्षानुवर्षे तिथेच गळलेले असते. खताच्या गाडीचेही तसेच.

गाडी थंड असताना या असे सांगा, आणि पोहोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर आधीच सुरू करून ठेवली आहे. सुरू केल्यावर निळा धूर म्हणजे ऑइल जळते, गरम झाल्यावरही पांढरा राहिला तर पाणी किंवा इंजेक्टरची शंका. इंजिन सुरू असताना ऑइलचे झाकण उघडून त्याच तोंडावर सैल ठेवा. टणाटण उडत असेल तर रिंगा गेल्या. क्लचसाठी हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये हळूच सोडा. इंजिन लगेच बंद पडले पाहिजे. न पडता घुमत राहिले तर प्लेट संपली. गाडीत निदान अर्धा टन माल टाकून चढावर न्या, कारण रिकाम्या पिकअपमध्ये डिफरन्शियलचा आवाज आणि ब्रेकची ओढ कळत नाही.

कागदांत पहिली गोष्ट चासी नंबर. पट्टीवर ठोकलेला नंबर आणि आरसी एक एक आकडा जुळवा. मग एमपरिवहन या सरकारी अॅपवर फिटनेसची तारीख, कर, विमा, थकीत चलने आणि कर्जाचा बोजा. बोजा असेल तर वित्त कंपनीचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८. घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओकडे अर्ज द्यायचा असतो आणि १४ दिवसांत विमा कंपनीला कळवायचे असते. थर्ड पार्टी विमा तुमच्याकडे येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग तुमच्या नावावर नोंद होईपर्यंत येत नाही; त्या मधल्या दिवसांत गाडी ठोकली तर खर्च तुमचाच.

फिटनेस मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी लागतो. म्हणून साडेसात वर्षांची गाडी स्वस्तात मिळाली तर पुढच्या वर्षापासून दरवर्षीचे पासिंग, त्याआधीची रंगरंगोटी, लाइट, रिफ्लेक्टर आणि ब्रेकची कामे हे सगळे किमतीतून वजा करून बोली लावा. आणि खरेदीच्या रकमेच्या १५ टक्के बाजूला ठेवूनच गाडी घ्या: चार टायर, क्लच, ब्रेक लायनर आणि पुढच्या चाकांची बेअरिंग पहिल्या चार महिन्यांत पैसे मागतात.